शेवटच्या नळाचे पाणी

कालव्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न शिकवावा लागत नाही. कालव्याला पाणी सुटले की मुखाजवळचा बागाईतदार निश्चिंत होतो, पण शेवटच्या चारीवरचा शेतकरी एवढेच विचारतो, "टेलला पोचले का?" पाणी सुटणे निराळे आणि पाणी पोचणे निराळे, हे नीरा डाव्या कालव्याने या भागाला शंभराहून अधिक वर्षे शिकविले आहे. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र आपण शहरवासी हा धडा विसरतो. नवी टाकी उभी राहिली, कोनशिला बसली, हारतुरे झाले, की पाण्याचा प्रश्न मिटला असे समजून आपण घरी जातो. घरी गेल्यावर नळ कोरडा असतो तो भाग वेगळा!

प्रस्तुत लेखात बारामती आणि इंदापूर या दोन शहरांच्या पाण्याचा विचार मी शेतकऱ्याच्या या एकाच कसोटीने करणार आहे. शेवटच्या नळाला पुरेसे, शुद्ध आणि दाबाने पाणी पोचते काय? मी अभियंता नव्हे. कामगार संघटनेच्या कामात पंपघरांतून आणि जलशुद्धीकरण केंद्रांतून राबणाऱ्या माणसांशी संबंध आला. त्यांच्या मागण्या मांडायच्या तर त्यांचे काम आधी समजून घेणे भाग होते. त्यातून जे कळले, ते साध्या हिशेबाच्या भाषेत सांगतो.

पाणी लागते तरी किती?

शहराच्या पाण्याचा हिशेब माणशी मांडतात. आपल्या देशात नगरांच्या पाणीपुरवठ्यासाठी जी सरकारी नियमपुस्तिका प्रमाण मानली जाते, तिच्यात भुयारी गटार असलेल्या शहराला दर माणशी दर दिवशी १३५ लिटर आणि गटार नसलेल्या शहराला ७० लिटर असे प्रमाण दिले आहे. एवढा फरक का, असे कोणी विचारील. गटाराच्या नळातून मैला वाहून न्यायलाही पाणीच लागते. म्हणजे ज्या दिवशी शहर भुयारी गटार मागते, त्या दिवशी ते जवळजवळ दुप्पट पाणीही मागत असते. या दोन योजनांचा विचार एकत्र केला नाही, तर एक योजना दुसरीला कोरडी पाडते.

२०११ च्या जनगणनेत बारामती नगरपरिषदेची लोकसंख्या ५४,४१५ आणि इंदापूरची २५,५१५ होती. या आकड्यांवर १३५ लिटरांनी बारामतीला रोज सुमारे ७३ लाख ४६ हजार आणि इंदापूरला सुमारे ३४ लाख ४४ हजार लिटर पाणी नळाशी लागते. वाटेतली शेकडा १५ गळती क्षम्य धरतात. ती धरली तर बारामतीला उगमाशी रोज ८६ लाख आणि इंदापूरला ४० लाख लिटर उचलले पाहिजेत. हा हिशेब २०११ च्या डोक्यांचा आहे. तेव्हापासून बारामतीची हद्द वाढून तांदुळवाडी, जळोची, रुई या वस्त्या शहरात आल्या आहेत. शिक्षणासाठी, कारखान्यांतल्या कामासाठी आणि दवाखान्यासाठी दुरून येणारी माणसेही पाणी पितातच. तेव्हा खरी गरज याहून मोठी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा आकडा पाहा. धरणाचे पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. वरच्या हिशेबाने एका टीएमसीत इंदापूरची तहान एकोणीस वर्षे आणि बारामतीची नऊ वर्षे भागेल. आणि इंदापूरच्या दाराशी असलेल्या उजनी जलाशयाची क्षमता आहे ११७ टीएमसी! मग टंचाई कशाची? पिण्याला लागणारे पाणी धरणांच्या मानाने चिमूटभर आहे. टंचाई आहे ती ते चिमूटभर पाणी वेळेवर साठविण्याची, शुद्ध करण्याची आणि घरोघर पोचविण्याची. पाणीपुरवठा योजना वाढविणे म्हणजे ही तीन कामे वाढविणे होय.

बारामती : पाळीचे पाणी

बारामतीच्या कडेने कऱ्हा वाहते. तिच्या काठी मोरोपंतांनी काव्यरचना केली. परंतु पर्जन्यछायेतल्या या नदीवर आजच्या शहराने विसंबावे, अशी तिची स्थिती नाही. शहराचा आधार आहे नीरा डावा कालवा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी नीरा नदीत येते, वीरजवळ ते कालव्यात वळते आणि पुरंदर, बारामती ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटरवर इंदापूर तालुक्यात संपते.

हा कालवा शेतीसाठी काढला. म्हणून तो शेतीच्या वेळापत्रकाने चालतो. पाळी आली की पाणी, पाळी संपली की कालवा कोरडा. पीक आठ-पंधरा दिवस ताण सोसते. माणसाचे घसे मात्र रोज सकाळी पाणी मागतात. यास्तव कालव्यावर जगणाऱ्या शहराला साठवण तलाव अपरिहार्य ठरतो. तो केवढा असावा? समजा, दोन पाळ्यांत तीस दिवसांचे अंतर पडले. रोजचे ८६ लाख लिटर धरले, तर सुमारे २६ कोटी लिटर साठा पाहिजे. पाच मीटर खोलीचा तलाव केला तर त्याला तेरा एकर पाणपृष्ठ लागेल.

पण हिशेब इथे संपत नाही. या भागात कडक उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. आठ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराएवढेही नव्हे. तथापि तेरा एकरांवर ते रोजचे चार लाख लिटर भरते. तीन हजार माणसांच्या वाट्याचे पाणी सूर्य रोज पिऊन जातो. शिवाय तळातून झिरपते ते निराळे. म्हणून पसरट तलावापेक्षा खोल तलाव हितकर आणि तळाला अस्तर आवश्यक. तलावात गाळ साचला की खोली कमी होते. पाणपृष्ठ तेवढेच राहते आणि साठा घटतो. गाळ काढण्याच्या कामाला कोनशिला नसते, म्हणून ते मागे पडते.

एकाच कालव्यावर भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. मे २०२५ मध्ये अवकाळी अतिवृष्टीने बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. जुन्या मातीच्या कालव्याचे असे होऊ शकते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. अस्तरीकरण करावे तर गळती थांबते. परंतु त्याच गळतीवर काठच्या विहिरी जगतात, म्हणून शेतकरी त्यास विरोध करतात. त्यांचा विरोध निराधार नाही. शहराला पाणी हवे म्हणून खेड्याची विहीर आटावी, असा न्याय टिकणार नाही. शहराने आपला साठा एवढा मजबूत ठेवावा की कालवा महिनाभर बंद राहिला तरी शेतकऱ्याच्या पाळीवर हात टाकण्याची वेळ येऊ नये.

विहिरी व बोअर यांवर भागवावे असे काहीजण सुचवितात. कालव्याखाली वर्षानुवर्षे ऊस भिजला, पाण्याची पातळी वर आली आणि जमिनीतले क्षार पाण्यात उतरले. नीरा खोऱ्यातील जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्याची चर्चा गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच झाली होती. असे जड पाणी धुण्याभांड्याला चालेल. डाळ त्यात शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार म्हणून त्याकडे पाहता येणार नाही.

इंदापूर : दाराशी समुद्र

इंदापूरची गोष्ट उलटी आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी पसरले ते इंदापूर तालुक्यातल्या गावांवर आणि काळ्या जमिनींवर. पाणी फार आटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि बुडालेल्या गावांची आठवण करून देते. ज्या तालुक्याने जमीन दिली, त्याच्या मुख्य शहराला पाणी मिळावे हा निव्वळ न्याय आहे. पाणी आहेही. अडचणी दोन आहेत.

पहिली पातळीची. उजनीच्या ११७ टीएमसींपैकी निम्म्याहून अधिक साठा मृत मानलेला आहे. त्याखाली पाणी गेले की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असे छापून येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. पाणी शिल्लक असते, परंतु काठ दूर जातो आणि जॅकवेलचे तोंड उघडे पडते. मग चर खणा, तरंगते पंप लावा, अशी धावाधाव सुरू होते. पाणी उचलण्याची जागा किमान पातळी धरून निवडली आणि विहिरीला निरनिराळ्या उंचीवर तोंडे ठेवली, तर ही धावाधाव टळते. नेहमीच्या दिवसांत वरच्या थरातले शेवाळ टाळून मधल्या थरातले पाणी घेता येते, हा दुसरा लाभ.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि भीमा उजनीत येऊन थांबते. त्यातील नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचे खतच होय. उन्हाळ्यात पाणी हिरवे का होते, त्याचे हे कारण. शेवाळामुळे गाळण्या लवकर तुंबतात, पाण्याला मातकट वास येतो. सांडपाण्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. एक भाग अमोनियातील नत्र संपवायला आठ-दहा भाग क्लोरीन खर्ची पडते, त्यानंतरचे क्लोरीन जंतूंशी लढते. म्हणजे स्वच्छ नदीवरच्या गावाला पुरणारी टीसीएल पावडरीची मात्रा इंदापूरला पुरेलच असे नाही. मात्रा ठरविण्यासाठी रोज कच्चे पाणी तपासले पाहिजे. सवयीने मोजलेली घमेली इथे कामाची नाहीत.

लंडनचे एक उदाहरण इथे बोलके आहे. १८५४ च्या पटकीत जॉन स्नो या डॉक्टराने दोन खासगी पाणी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांतील मृत्यू मोजले. एक कंपनी शहराच्या सांडपाण्याने बिघडलेले थेम्सचे पाणी उचलीत होती; दुसरीने १८५२ मध्ये आपली उचल शहराच्या वरच्या अंगाला नेली होती. एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या घरांत, पहिल्या कंपनीचे पाणी पिणारे कितीतरी अधिक संख्येने मेले. इंदापूरला आपली उचल पुण्याच्या वर नेता येणार नाही. तेव्हा पुण्याचे सांडपाणी पुण्यातच शुद्ध व्हावे, ही मागणी इंदापूरच्या पाणी योजनेचाच भाग आहे. वरच्या शहराने घाण सोडायची आणि ती गाळण्याचा खर्च खालच्या लहान शहराने पाणीपट्टीतून सोसायचा, हा व्यवहार कोणत्या न्यायात बसतो?

शुद्ध म्हणजे काय?

'पाणी काचेसारखे आहे' ही शुद्धतेची खूण नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशात आयएस १०५०० हे मानक आहे. त्याची २०१२ ची आवृत्ती असे सांगते की शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्याचा निदर्शक असा ई-कोलाय जिवाणू एकही सापडता कामा नये. गढूळपणा एक एककापर्यंत असावा, नाइलाजाने पाचपर्यंत. विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा उगम नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमपुढे कोणतीही सवलत नाही. आणि क्लोरीन टाकल्यानंतर निदान ०.२ मिलिग्रॅम पाण्यात शिल्लक राहिले पाहिजे.

शुद्धीकरण केंद्रात काय चालते? प्रथम पाणी पायऱ्यांवरून उडवीत आणून हवेत मिसळतात. मग तुरटी किंवा तत्सम द्रव्य घालून हळूहळू ढवळतात. गढूळपणाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि निवळणीच्या टाकीत तळाशी बसतात. उरलेले कण वाळूच्या गाळणीत अडकतात. शेवटी क्लोरीन घालून पाणी अर्धा तास तरी थांबवितात, कारण जंतू मरायला वेळ लागतो. मागणी वाढली म्हणून दिवसाला पन्नास लाखांच्या केंद्रातून ऐंशी लाख रेटले, तर निवळायला आणि मरायला मिळणारा हा वेळच कमी होतो. टाकी भरलेली दिसते. शुद्धता चोरली जाते. क्षमता वाढविणे म्हणजे पंप मोठा करणे नव्हे, तर या साखळीतली प्रत्येक कडी त्याच प्रमाणात वाढविणे होय.

केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध असले तरी वाटेत काय होते? आपल्याकडे पाणी ठराविक तास सुटते. बाकी वेळ नळ रिकामे. रिकाम्या नळात आतून दाब नसतो, बाहेर मात्र गटाराची ओल असते. सांध्यातल्या फटीतून ती आत शिरते आणि पाणी सुटताच पहिल्या हंड्यात उतरते. त्यातच शेजारचा मोटर लावून पाणी ओढू लागला, तर नळ तोंडाने शोषावा तशी घाण आत खेचली जाते. काविळीची आणि अतिसाराची साथ एखाद्याच गल्लीत का पसरते, त्याचे उत्तर बहुधा या फटीत सापडते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, गीया-बारे नावाच्या विकाराने अनेक माणसे लुळी पडली. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला. वाढत्या शहराच्या कडेवरच्या वस्त्यांना पाणी पोचले होते. त्याच्या शुद्धतेची राखण मागे राहिली होती.

शेवटच्या नळावर कोण राहते?

टाकीपासून दूर, नळाच्या शेपटाला, उंचवट्यावर कोणाची घरे असतात? नव्याने आलेल्या मजुरांची, भाड्याच्या खोल्यांची, गावकुसाबाहेरच्या जुन्या वस्त्यांची. दाब तिथेच सर्वांत कमी आणि क्लोरीनही तिथेच सर्वांत कमी. कावीळ झालेला रोजंदारीचा मजूर महिनाभर कामाला मुकतो. त्याच्या घरची बाई पाण्याच्या वेळेसाठी आपले काम सोडते. पाणीपट्टीच्या बिलात या रकमा येत नाहीत, पण त्या कोणीतरी भरीतच असतो.

महाडचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १९२४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्ष ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क आणि घशाखालचे पाणी यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० या केंद्र सरकारच्या योजनेने सर्व शहरांत घरोघर नळजोडाचे उद्दिष्ट ठेवले. ते स्तुत्य आहे. परंतु नळजोड म्हणजे पाणी नव्हे. जोडलेला कोरडा नळ हा ठरावासारखाच आहे.

मोजमाप आणि माणसे

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची व्यवस्था उभी केली. नव्या नळांची सलग जोडणी, घरोघर मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर, या तिच्या तीन खांबांवर ती उभी राहिली. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, अशी भीती असते. उद्या पाणी येईल याची खात्री असलेला माणूस आज साठवीत नाही आणि शिळे म्हणून ओततही नाही. मीटरला गरिबांनी भ्यावे असे नाही. जगण्यापुरते पाणी स्वस्त आणि त्यापुढचे महाग असा दर ठेवला, तर तोटीशिवाय वाहणारा नळ व बागेवरचा पाइप यांनाच तो लागतो. केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरविलेल्या सेवा-निकषांत बेहिशेबी पाणी शेकडा वीसच्या आत असावे, असे सांगितले आहे. जिथे मोजमापच नाही, तिथे शेकडा किती गळते हे कोण सांगणार?

आणि शेवटी माणसांचा विचार. योजना कितीही मोठी असो, पहाटे चावी फिरविणारा, तुरटीची मात्रा बदलणारा, क्लोरीनच्या सिलिंडरशेजारी रात्रपाळी करणारा एक कामगार तिला चालवीत असतो. कोट्यवधींच्या योजनेत या माणसांसाठी कंत्राटी, अल्प वेतनाची, शिक्षण न दिलेली नेमणूक करणे ही काटकसर नव्हे. क्लोरीन वायू गळला तर मुखवट्याविना पहिला तोच पडेल. जुन्या पावडरीचा जोर ओसरतो, हे त्याला कोणी शिकविले नाही तर तो मापाने टाकूनही जंतू मरणार नाहीत. त्याला कायम काम, योग्य वेतन, वर्षातून एकदा शिक्षण आणि 'आज पाणी पिण्यायोग्य नाही' असे निर्भयपणे लिहिण्याचा अधिकार मिळाला पाहिजे.

तात्पर्य, पुढील वेळी पाणी योजनेची घोषणा होईल तेव्हा टाकी किती लाखांची, एवढेच विचारून थांबू नये. कालवा किंवा काठ दूर गेला तर साठा किती दिवसांचा? शुद्धीकरणाची साखळी वाढत्या पाण्याला पुरेशी आहे काय? प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळावर आज पाणी किती वेळ आले, कितव्या मजल्यापर्यंत चढले आणि त्यात क्लोरीन किती शिल्लक होते? हे तीन आकडे रोज नगरपरिषदेच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहिता येतील. त्याला मोठा निधी लागत नाही. क्लोरीन तपासण्याची संच-पेटी लहानशी असते आणि शाळेतली मुलेही ती वापरू शकतात. नागरिकांनी तो फळा मागावा, तो रोज वाचावा, आणि ज्या दिवशी तो कोरा असेल त्या दिवशी आत जाऊन कारण विचारावे.